उपसर्ग ओळखीचे, धातू नवे: लॅटिनच्या वाटेने इंग्रजी शब्दसंग्रह

स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या इंग्रजीच्या वहीत डाव्या बाजूला शब्द आणि उजव्या बाजूला त्याचा मराठी अर्थ अशा लांबलचक याद्या असतात आणि त्या रोज घोकल्या जातात. डिजेक्टेड म्हणजे खिन्न, कंजेक्चर म्हणजे अंदाज, ट्रॅजेक्टरी म्हणजे फेकलेल्या वस्तूचा मार्ग, इंटरजेक्शन म्हणजे केवलप्रयोगी अव्यय. हे चार शब्द चार निरनिराळ्या पानांवर असल्यामुळे त्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल अशी शंकाही येत नाही, आणि परीक्षा जवळ येईपर्यंत त्यांतले निम्मे विसरलेले असतात. प्रत्यक्षात या चारही शब्दांच्या पोटात एकच लॅटिन क्रियापद आहे. ते म्हणजे ‘याकेरे’, अर्थात फेकणे किंवा टाकणे. इंग्रजीत ते ‘जेक्ट’ या रूपात शिरले. डिजेक्टेड म्हणजे खाली टाकलेला, म्हणून मनाने खचलेला. कंजेक्चर म्हणजे दोन-चार गोष्टी एकत्र टाकून, जुळवून बांधलेला तर्क. ट्रॅजेक्टरी ही पलीकडे फेकलेल्या वस्तूची वाट आणि इंटरजेक्शन हा वाक्यात मध्येच टाकलेला उद्गार. रिजेक्ट म्हणजे मागे फेकणे, इंजेक्शन म्हणजे आत टाकणे आणि प्रोजेक्टर म्हणजे चित्र पुढे फेकणारे यंत्र, हे यानंतर वेगळे सांगावे लागत नाही.

मराठी वाचकाला ही रचना नवी वाटण्याचे कारण नाही, कारण ‘क्षेप’ हा शब्द आपण नेमका असाच वापरतो. संस्कृतातील ‘क्षिप्’ म्हणजे फेकणे, आणि त्यापासून आक्षेप, प्रक्षेप, निक्षेप, संक्षेप, विक्षेप, हस्तक्षेप असे शब्द झाले. हे दोन संच शेजारी ठेवून पाहावेत. इंग्रजीतले ऑब्जेक्शन म्हणजे समोर टाकलेली गोष्ट, आणि आपला आक्षेपही कोणाच्या तरी बोलण्यावर टाकलेलाच असतो. प्रोजेक्शनमधला ‘प्रो’ आणि प्रक्षेपणातला ‘प्र’ हे तर अर्थाने आणि उगमानेही एकच आहेत. ओढणे या अर्थाच्या ‘त्राहेरे’ या लॅटिन क्रियापदापासून आलेला ‘ट्रॅक्ट’ आणि आपला ‘कर्ष’ यांची जोडीही अशीच जमते. ॲट्रॅक्शन म्हणजे आकर्षण, म्हणजेच आपल्याकडे ओढणे. एक्स्ट्रॅक्ट म्हणजे बाहेर ओढून काढलेला अर्क, आणि निष्कर्षही एखाद्या विवेचनातून बाहेर ओढून काढलेलाच असतो. शेतातला ट्रॅक्टर म्हणजे ओढणारा. प्रोट्रॅक्टेड म्हणजे पुढे पुढे ओढलेला, लांबलेला, उदाहरणार्थ वर्षानुवर्षे चाललेला दावा. डिस्ट्रॅक्ट म्हणजे लक्ष भलतीकडे ओढणे आणि ॲब्स्ट्रॅक्ट म्हणजे प्रत्यक्ष वस्तूपासून दूर ओढून घेतलेले, म्हणून अमूर्त.

उपसर्ग धातूचा अर्थ बळजबरीने दुसरीकडे नेतो, हे संस्कृत वैयाकरणांनी एका प्रसिद्ध श्लोकात सांगून ठेवले आहे: ‘उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते। प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत्॥’ एका ‘हृ’ धातूपासून मार, जेवण, नाश, भटकंती आणि निराकरण असे पाच अर्थ निघतात, ते केवळ उपसर्ग बदलल्यामुळे. शाळेत उपसर्गघटित शब्द शिकलेल्या विद्यार्थ्याला लॅटिनची ही यंत्रणा अर्धी आधीच ठाऊक असते. त्याला नवे शिकायचे ते वीस-पंचवीस उपसर्ग आणि सुरुवातीला तेवढेच धातू. माझ्या मते इंग्रजी माध्यमाच्या शाळांतही हा विषय शिकवताना संस्कृत उपसर्गांचा आधार घ्यायला हवा. तो घेतला जात नाही, आणि उपसर्गांचीही पुन्हा एक यादीच पाठ करून घेतली जाते.

लॅटिन इंग्रजीत आले ते एकाच वेळी नव्हे. इंग्रजी मुळात जर्मन आणि डच या भाषांच्या कुळातली. खाणे, पिणे, झोपणे, हात, पाय, पाणी, घर यांसाठीचे तिचे रोजचे शब्द आजही त्या कुळातलेच आहेत. इसवी सन 597 मध्ये रोमहून ऑगस्टीन या धर्मोपदेशकाचे पथक इंग्लंडात आले आणि चर्चच्या व्यवहारातले लॅटिन शब्द रुळू लागले. 1066 मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले, त्यानंतर काही शतके दरबार आणि न्यायालये यांत फ्रेंचचा वरचष्मा राहिला. फ्रेंच ही लॅटिनचीच लेक असल्यामुळे त्या वाटेने आलेले शब्दही मुळात लॅटिनच, फक्त झिजलेले. पुढे सोळाव्या-सतराव्या शतकांत विद्वानांनी थेट लॅटिन ग्रंथांतून हजारो शब्द उचलले. न्यूटनने 1687 मध्ये आपला गतिशास्त्रावरचा ग्रंथ लॅटिनमध्ये प्रसिद्ध केला आणि 1704 मध्ये प्रकाशावरचा ग्रंथ मात्र इंग्रजीत. तोवर इंग्रजीने शास्त्रीय लेखनाला पुरेल एवढी लॅटिन शब्दसंपत्ती आत्मसात केली होती. आज इंग्रजी शब्दकोशातील निम्म्याहून अधिक शब्द थेट लॅटिनमधून किंवा फ्रेंचमार्गे आलेले आहेत. एकच लॅटिन शब्द दोन वाटांनी आल्यामुळे इंग्रजीत काही जुळे शब्द तयार झाले आहेत: सिक्युअर आणि शुअर, फ्रॅजाइल आणि फ्रेल, रीगल आणि रॉयल. प्रत्येक जोडीतला पहिला शब्द मूळ लॅटिन रूपाच्या जवळचा आहे आणि दुसरा फ्रेंचांच्या तोंडी झिजून आलेला आहे.

धातू ओळखण्यात खरी अडचण येते ती त्यांच्या बदलत्या रूपांमुळे. धरणे, घेणे या अर्थाचे ‘कापेरे’ हे क्रियापद कॅप्चरमध्ये ‘कॅप्ट’ होते, ॲक्सेप्टमध्ये ‘सेप्ट’ होते, रिसिपियंटमध्ये ‘सिप’ होते आणि फ्रेंचमधून आलेल्या रिसीव्हमध्ये तर ‘सीव्ह’ होऊन बसते. करणे या अर्थाचे ‘फाकेरे’ फॅक्टरीत ‘फॅक्ट’, डिफेक्टमध्ये ‘फेक्ट’ आणि एफिशियंटमध्ये ‘फिश’ असे दिसते. अशा वेळी गोंधळून जाण्याऐवजी ‘कृ’ धातूची रूपे आठवावीत: कर्ता, कृती, कार्य, संस्कार आणि चिकीर्षा, म्हणजे करण्याची इच्छा. मराठी माणूस कृती आणि कार्य यांना दोन वेगळ्या मुळांचे शब्द मानत नाही. लॅटिन धातूही त्याच्या तीन-चार रूपांसकट एकत्रच लिहून ठेवला, तर पुढचे काम सोपे होते.

उपसर्गांचेही रूप बदलते, पण तिथे संधीचे नियम मदतीला येतात आणि इंग्रजी स्पेलिंगची एक जुनी डोकेदुखी त्यातून कमी होते. सत् अधिक जन यांचा सज्जन होतो, उत् अधिक लेख यांचा उल्लेख होतो; पुढचे व्यंजन मागच्याला आपल्यासारखे करून घेते. लॅटिनमध्येही ‘इन’ हा नकारार्थी उपसर्ग एलच्या आधी ‘इल’, आरच्या आधी ‘इर’ आणि एम, बी, पी यांच्या आधी ‘इम’ होतो. म्हणून इल्लीगलमध्ये दोन एल, इर्रेग्युलरमध्ये दोन आर आणि इम्मॉरलमध्ये दोन एम. ‘कडे’ अशा अर्थाचा ‘ॲड’ तर जवळजवळ कोणत्याही व्यंजनापुढे मान तुकवतो. ॲकॉमोडेट या शब्दात किती सी आणि किती एम लिहायचे, याबद्दल भल्याभल्यांची चूक होते. तो फोडून पाहिला की प्रश्न सुटतो: ‘ॲड’ अधिक ‘कॉम’ अधिक माप या अर्थाचा ‘मोदुस’. ‘ॲड’मधल्या डीचा सी झाला, म्हणून दोन सी, ‘कॉम’चा एक एम आणि ‘मोदुस’चा एक, म्हणून दोन एम, आणि डी मात्र एकच. रेकमेंडमध्ये ‘री’ आणि ‘कॉम’ यांच्यामध्ये असे काही घडत नाही, म्हणून सी एकच आणि एम दोन. डिसअपॉइंटमध्ये ‘डिस’चा एस एकटाच आहे, पण पुढच्या अपॉइंटमध्ये ‘ॲड’चा डी पीमध्ये बुडालेला आहे, म्हणून एस एक आणि पी दोन. या ध्वनिबदलाला इंग्रजीत ॲसिमिलेशन म्हणतात आणि त्या शब्दाचे दोन एस हेही याच नियमाचे उदाहरण आहे.

संस्कृत आणि लॅटिन यांच्यातील साम्य केवळ रचनेपुरते नाही. 2 फेब्रुवारी 1786 रोजी कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीच्या सभेत सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा बहुधा आज अस्तित्वात नसलेल्या एकाच भाषेतून निघाल्या असाव्यात, असे मत मांडले आणि पुढच्या शतकात तौलनिक भाषाशास्त्राने ते ध्वनिनियमांच्या आधारे पक्के केले. म्हणून काही लॅटिन धातू आपल्याला अर्थासकट ओळखीचे वाटतात. मनमाड जंक्शन या नावातल्या जंक्शनमध्ये ‘युज्’ म्हणजे जोडणे हा धातू आहे आणि स्टेशनमध्ये ‘स्था’ आहे. आपण स्टेशनला स्थानक म्हणतो तेव्हा एकाच मुळाचे दोन शब्द वापरत असतो. डिक्टेशन, एडिक्ट, व्हर्डिक्ट यांतला बोलणे या अर्थाचा ‘डिक्ट’ हा आदेश, निर्देश, उपदेश यांतल्या ‘दिश्’चा भाऊबंद. इन्स्पेक्टर आणि प्रॉस्पेक्टसमधला ‘स्पेक्ट’ हा ‘पश्यति’चा आणि हेर या अर्थाच्या ‘स्पश’ या संस्कृत शब्दाचा नातलग आहे. जनरेशनमध्ये ‘जन्’ आहे, मॉर्टलमध्ये ‘मृ’, व्होकलमध्ये ‘वाच्’, डेंटिस्टमध्ये दंत. कायद्याच्या कागदपत्रांत येणारा पिक्युनियरी, म्हणजे पैशासंबंधीचा, हा शब्द गुरे या अर्थाच्या लॅटिन ‘पेकू’पासून आला आहे आणि ‘पेकू’ व आपला ‘पशू’ एकच. पशुधन हा शब्द ज्या भाषेत आहे, तिच्या वाचकाला गुरांवरून पैसा कसा निघाला हे विचारावे लागत नाही.

इथेच थोडे थांबून सावध करणे भाग आहे, कारण या साम्याच्या नादाने वाटेल त्या इंग्रजी शब्दाला संस्कृत मूळ चिकटवण्याचा उद्योग समाजमाध्यमांवर जोरात चालतो. नॅव्हिगेशन हा शब्द ‘नवगती’पासून आला, असे ठणकावून सांगणारे मजकूर अनेकांनी वाचले असतील. लॅटिनमध्ये तो ‘नाविस’ म्हणजे नाव आणि ‘आगेरे’ म्हणजे हाकणे यांच्यापासून झाला आहे. त्यातली नाव आणि संस्कृत ‘नौ’ या सख्ख्या बहिणी आहेत, पण गतीचा तिथे संबंध नाही आणि शब्द संस्कृतातून लॅटिनमध्ये गेलेलाही नाही. आधी सांगितलेली ‘जेक्ट’ आणि ‘क्षेप’ यांची जोडी अर्थाची आहे, उगमाची नव्हे. अभ्यासाच्या दृष्टीने दोन्ही प्रकारच्या जोड्या उपयोगी पडतात, फक्त त्यांची गल्लत करू नये.

मराठीत लॅटिन आले ते दुसऱ्याही एका वाटेने, आणि ती वाट गोवा आणि कोकण किनाऱ्याची. पोर्तुगीज ही लॅटिनपासून झालेली भाषा आणि तिच्याकडून घेतलेले शब्द आपण इतके वापरतो की त्यांचे परकेपण जाणवत नाही. वडापावातला पाव पोर्तुगीजांच्या तोंडून आला, पण मुळात तो लॅटिन ‘पानिस’. इंग्रजीतला कंपॅनियन म्हणजे ज्याच्यासोबत बसून पाव खायचा तो सोबती, आणि कंपनी हा शब्दही त्याच घरचा. चावी ही लॅटिन ‘क्लाविस’. नव्या पोपची निवड करण्यासाठी कार्डिनल मंडळी ज्या बंद दालनात बसतात त्याला कॉन्क्लेव्ह म्हणतात, म्हणजे चावीने कुलूपबंद केलेली खोली. गळ्याजवळच्या हाडाचे क्लॅव्हिकल हे नाव ‘छोटी चावी’ या अर्थाचे आहे. पगाराची गोष्ट सर्वांत मजेदार आहे: पोर्तुगीजमध्ये ‘पगार’ म्हणजे पैसे चुकते करणे, त्यामागे लॅटिन ‘पाकारे’ म्हणजे शांत करणे, आणि त्यामागे शांतता या अर्थाचा ‘पाक्स’. धनकोला देणे देऊन शांत करायचे, असा हा अर्थाचा प्रवास. इंग्रजीतले पे, पीस आणि पॅसिफाय हे तिन्ही शब्द याच कुळातले असल्यामुळे महिनाअखेरीस त्यांचा परस्परसंबंध नोकरदारांना विशेष पटावा.

आता या पद्धतीच्या मर्यादा. पहिली अशी की दिसायला सारखे असलेले तुकडे एकाच धातूचे असतीलच असे नाही. ॲक्सिडेंट आणि इन्सिडेंट यांतला ‘सिड’ पडणे या अर्थाच्या ‘कादेरे’चा आहे, तर सुइसाइड, पेस्टिसाइड आणि डिसाइड यांतला कापणे, मारणे या अर्थाच्या ‘काइदेरे’चा. पेडेस्ट्रियनमध्ये लॅटिन पाय आहे, पण पेडियाट्रिशियनमध्ये ग्रीक मूल आहे. होमिसाइडमधला ‘होमो’ हा लॅटिन माणूस आणि होमोजीनियसमधला ‘होमो’ म्हणजे ग्रीकमधला ‘सारखा’. पासपोर्टमधला ‘पोर्ट’ हा एक्स्पोर्ट, ट्रान्सपोर्ट यांतला वाहून नेणारा नव्हे, तर बंदर या अर्थाचा आहे.

‘इन’ या उपसर्गाने तर अनेकांना फसवले आहे. तो कधी ‘अ’ किंवा ‘अन्’सारखा नकार दाखवतो, तर कधी ‘आत’ असा अर्थ देतो. पेट्रोलच्या टँकरवर मागच्या बाजूला मोठ्या लाल अक्षरांत इन्फ्लेमेबल लिहिलेले असते. नकार समजून वाचणाऱ्याला त्याचा अर्थ ‘पेट न घेणारे’ असा वाटू शकतो. प्रत्यक्षात ‘इन’ इथे ज्वाला आत शिरवतो, आणि हा धोका ओळखूनच अनेक ठिकाणी आता नुसते फ्लेमेबल लिहितात. इन्व्हॅल्युएबलमध्ये मात्र ‘इन’ नकारार्थी असूनही शब्दाचा अर्थ कवडीमोल असा होत नाही. ज्याचे मूल्य करता येत नाही ते, अगदी आपल्या ‘अमूल्य’सारखे.

दुसरी मर्यादा काळाची आहे. अर्थ सरकतात आणि धातू जुन्या जागी राहतो. मॅन्युफॅक्चर म्हणजे अक्षरशः हाताने केलेले. आज हा शब्द यंत्राने केलेल्या मालासाठी वापरतात. मिनिस्टर हा मुळात सेवक, कमी दर्जाचा माणूस. कँडिडेट हा शब्द शुभ्र या अर्थाच्या ‘कांदिदुस’पासून आला, कारण रोममध्ये पदासाठी उभे राहणारे लोक खडूने पांढरा केलेला झगा घालून मते मागत फिरत. महाराष्ट्रातल्या निवडणुकीत हा अर्थ अजून शाबूत आहे असे म्हणायला हरकत नाही, पण नोकरीच्या अर्जातल्या कँडिडेटला त्याचा काही उपयोग होत नाही.

म्हणून धातूवरून निघालेला अर्थ हा अर्थ नसून अंदाज असतो आणि तो वाक्यावर तपासून घ्यावा लागतो. समजा, व्याजदरांबाबत रिझर्व्ह बँकेने सर्कमस्पेक्ट भूमिका घेतली, असे वाक्य इंग्रजी वृत्तपत्रात आले. ‘सर्कम’ म्हणजे भोवती, हे सर्कम्फरन्समुळे माहीत असते. ‘स्पेक्ट’ म्हणजे पाहणे. चारी बाजूंना पाहणारी भूमिका, म्हणजे सावध. वाक्यात हा अर्थ नीट बसतो, तेव्हा पुढे जावे आणि सवडीने शब्दकोशात खात्री करून घ्यावी. याउलट 2019 साली कलम 370च्या बातम्यांत सतत येणारा ॲब्रोगेशन हा शब्द फोडला तर ‘दूर’ आणि ‘विचारणे’ एवढेच हाती लागते आणि त्यातून काहीच जमत नाही. रोममध्ये कायद्याचा प्रस्ताव नागरिकांच्या सभेपुढे मांडून त्यांना संमती विचारली जात असे, त्या विचारण्याला ‘रोगारे’ म्हणत. असा संमत झालेला कायदा काढून टाकणे म्हणजे ‘आब्रोगारे’. हे कळले की ॲब्रोगेशन म्हणजे रद्द करणे हे कायमचे लक्षात राहते, पण केवळ तुकडे जोडून ते कधीच कळले नसते.

सुरुवात करायची तर स्पेक्ट, डिक्ट, स्क्रिप्ट, पोर्ट, डक्ट, जेक्ट, ट्रॅक्ट, मिट, पोझ, व्हर्ट, सीड, रप्ट, स्ट्रक्ट, क्रेड, व्हेन, कॅप, फॅक आणि टेन यांपासून करावी. यांचे पीक भरघोस आहे. प्रत्येकासाठी वहीचे एक पूर्ण पान ठेवावे, वर धातूची सगळी रूपे लिहावीत आणि वाचनात जसजसे शब्द भेटतील तसतसे ते त्या वाक्यासकट पानावर उतरवावेत. एका बैठकीत पान भरून टाकण्याचा मोह टाळावा, कारण तसे केले की पुन्हा यादीच तयार होते. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना मात्र हे अपुरे पडेल. त्यांच्या परिभाषेत ग्रीकचा वाटा फार मोठा आहे आणि त्यासाठी वेगळी वही लागते.

धातू शिकून वाचन सुधारते तितके लेखन आपोआप सुधारत नाही, हेही ध्यानात घ्यावे. विचारणे या अर्थी इंग्रजीत आस्क हा घरचा शब्द आहे, क्वेश्चन हा फ्रेंचमार्गे आलेला आणि इंटरोगेट हा थेट लॅटिनमधून उचललेला, ज्यात वरचाच ‘रोगारे’ आहे. तिघांचा गाभा एक असला तरी शेजाऱ्याला पत्ता आस्क करतात, साक्षीदाराला क्वेश्चन करतात आणि कोठडीतल्या संशयिताला पोलीस इंटरोगेट करतात. कोणता शब्द कुठे शोभतो हे व्युत्पत्तीच्या कंसात लिहिलेले नसते. ते शब्दकोशातल्या उदाहरणवाक्यांत सापडते, आणि विद्यार्थी नेमकी तीच वाक्ये वगळून पुढे जातात.